घरी इंजिन ऑईल बदलायचं म्हणतोय, गाडीखाली जावं का नाही?

औशाचा_गडी
मंडळी नमस्कार. २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, वॉरंटी कधीच संपली. दरवेळी सर्व्हिसिंगला टाकली की बिलात असं काहीतरी निघतंय जे मी सांगितलेलंच नसतंय, मागच्या वेळी तर इंजिन फ्लश म्हणून एक आयटम लावून ठेवला अन् विचारलं तर म्हणे सगळ्यांनाच करतो सर. म्हणून यावेळी म्हणलं ऑईल अन् फिल्टर आपणच घरी बदलून बघावं. घरापुढं फरशीचं अंगण आहे, रस्त्याकडं थोडा उतार आहे. पान्यांचा सेट आहे, गाडीसोबत आलेला जॅक आहे. ऑईल कोणतं, किती, अन् गाडी उचलायची कशी एवढं सांगा. आमचे वडील म्हणायलेत की ट्रॅक्टरच्या १५डब्ल्यू-४० ची बकेट घरात पडलीय तेच टाक, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो, ते पातळ ऑईल टिकणार नाही. मॅन्युअलात तर ०डब्ल्यू-२० लिहिलंय. कुणी केलंय का घरी?

जिंतूर_रोड
केलंय, दरवर्षी करतो. काम अवघड नाही. वडिलांचं ऐकू नका, मॅन्युअलचं ऐका.

बीडचा_बप्पा
कामून ऐकू नका? त्यांचं चुकीचं काय हाय? आमच्याकडं ट्रॅक्टरला, जीपला, पाण्याच्या इंजिनाला एकच ऑईल जातंय वर्षानुवर्षं, एकबी इंजिन बसलं नाही. हे ०डब्ल्यू वगैरे थंड मुलखातल्या लोकांसाठी हाय बप्पा. आपल्याकडं उन्हात गाडीच्या बॉनेटवर हात ठेवता येत नाही अन् तुम्ही पातळ ऑईल सांगायले.

जुना_मिस्त्री
ऑईलचं नंतर बोलू, आधी जॅकचं बोलतो, कारण मूळ पोस्टमध्ये मला त्याच्यानंच धसका बसला. गाडीसोबत जो कात्री जॅक येतो तो चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्यावर गाडी ठेवून खाली जायचं नाही म्हणजे नाही. त्यात तुमचं अंगण उताराचं. फरशीवर जॅकचा पाय सरकतो, गाडी एका बाजूला कलंडते, अन् तुम्ही खाली उताणे पडून बोल्टाला जोर लावत असता, म्हणजे गाडी हलवायचं काम तुम्हीच करायलेत. हायड्रॉलिक जॅक असला तरी तो फक्त उचलायला, पेलून धरायला जॅक स्टँडच पाहिजेत, दोन्ही बाजूला, गाडीच्या खालच्या पट्टीवर मॅन्युअलात जागा दाखवलेली असते तिथंच. विटा, ब्लॉक, लाकडाचे ओंडके यातलं काही चालत नाही, सिमेंटचा ब्लॉक तर न सांगता फुटतो. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये. एवढं जमत असेल तर पुढं वाचा, नसेल तर गॅरेजला जा अन् समोर उभं राहून बदलून घ्या, त्यात कमीपणा नाही.

गोदाकाठची
मिस्त्रीकाकांना पूर्ण अनुमोदन. पण मधला रस्ता आहे एक. मी नांदेडला गाडी धुवायच्या सेंटरवर जाते, तिथं दोन पट्ट्यांचा सिमेंटचा पक्का रॅम्प असतो, गाडी वर चढवली की खाली माणूस वाकून उभा राहतो. मालकाला आधी विचारून ठेवायचं, थोडेफार पैसे द्यायचे, सकाळी लवकर जायचं म्हणजे गर्दी नसते. जॅक नाही, स्टँड नाही, उताराचं टेन्शन नाही. फक्त एक, तिथं खाली ऑईल सांडायचं नाही, मालक परत उभं करणार नाही. मी घरून मोठा टब अन् जुनी पोती घेऊन जाते. धुणं पण ऑईल बदलून झाल्यावर, आधी नाही, नाहीतर सगळं निथळत असतं अन् डोळ्यात पाणी पडतं.

औशाचा_गडी
ताई हे बेस्ट सांगितलं, आमच्या इथं लातूर रोडला असे दोन-तीन सेंटर आहेत. जॅकचा विचार सोडून दिला. आता ऑईल?

वाळूज_शिफ्ट
ऑईलचं मी सांगतो, बप्पांनी रागावू नये. मी एमआयडीसीत इंजिन पार्टच्या लाईनला आहे. बाहेर ४४ अंश असो की डिसेंबरात परभणीचा पारा पाचच्या खाली जावो, चालू इंजिनात ऑईल साधारण नव्वद ते एकशे दहाच्या आसपासच असतंय, कारण थर्मोस्टॅट कूलंटला, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याला, एका ठराविक तापमानावर धरून ठेवतो. म्हणजे ऑईलच्या दृष्टीनं मे महिना अन् डिसेंबर यात मोठा फरक फक्त स्टार्ट मारताना असतो. ०डब्ल्यू-२० मधला दुसरा आकडा, २० वाला, तो १०० अंशाला ऑईल किती घट्ट राहतंय त्याचा आहे. पहिला आकडा थंड इंजिनाचा. इंजिन बनवतानाच बेअरिंगची गॅप, ऑईल पंप, व्हॉल्व्ह टायमिंगच्या बारीक नळ्या हे सगळं पातळ ऑईल धरून डिझाईन केलेलं असतंय. त्यात १५डब्ल्यू-४० घातलं तर इंजिन काय त्याच दिवशी फुटत नाही, पण सकाळी स्टार्ट मारल्यावर वर कॅमशाफ्टपर्यंत ऑईल पोचायला उशीर लागतो, व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ पुढं-मागं करणारी यंत्रणा, वेळेवर हलत नाही, अन् मायलेज घटतंय. इंजिनाची झीज सगळ्यात जास्त होते ती त्याच पहिल्या काही सेकंदांत. आता तर काही नव्या गाड्यांना ०डब्ल्यू-१६ सुद्धा येतंय.
ट्रॅक्टरचं इंजिन वेगळं बप्पा. ते कमी आरपीएमला जोर लावतंय, गॅपा मोठ्या, ऑईल जास्त. त्याला १५डब्ल्यू-४० च बरोबर आहे. त्याच्यात ०डब्ल्यू-२० घाला म्हणलं असतं तर मीच भांडलो असतो.

बीडचा_बप्पा
बरं मानलं. पण माझ्या मामाच्या जुन्या जीपला २०डब्ल्यू-५० टाकतेत, ते?

वाळूज_शिफ्ट
बरोबर टाकतेत. जुनं इंजिन, त्या काळात तेच सांगितलेलं.

उदगीरकर
ग्रेडसोबत डब्यावर एपीआय, म्हणजे ऑईलच्या दर्जाचं मानक, बघा. पेट्रोलला एसएन किंवा एसपी, एसपी हे २०२० पासूनचं नवं. अन् डिझेलवाल्यांसाठी सांगतो, बीएस६ डिझेलला डीपीएफ असतो, म्हणजे सायलेन्सरच्या लाईनीत काजळी धरणारी जाळी, त्याला कमी राखेचं ऑईल लागतंय, डब्यावर एसीईए (युरोपातलं मानक) सी२, सी३ असं काहीतरी असतंय, मॅन्युअलात जे असेल तेच घ्या. साधं डिझेल ऑईल घातलं तर राख त्या जाळीत बसते अन् काजळी जळते तशी ती जळत नाही, साठतच जाते. मग जो खर्च निघतो त्यात चार-पाच वर्षांचं ऑईल येतंय. कंपनी कोणती हा वाद सोडा, ग्रेड अन् स्पेसिफिकेशन बरोबर असलं की झालं.
हां, अन् ऑईल ओळखीच्या दुकानातून घ्या. स्वस्त मिळायलंय म्हणून हायवेच्या टपरीवरून नको, नकली लै आहे बाजारात. सील, क्यूआर कोड तपासा. जुने रिकामे डबे भंगारवाल्याला तसेच देऊ नका, त्याच डब्यात परत भरून विकतेत. बुडाला खिळा ठोकून भोक पाडा मग द्या.

टेक_वाडी
मला एक कळंना, तेवढे पैसे वाचतेत का तरी? ऑईल तर विकतच घ्यायचंय.

जिंतूर_रोड
फार नाही वाचत. मजुरी वाचते अन् त्या न सांगितलेल्या वस्तू वाचतेत. फ्लशचं म्हणाल तर वेळेवर ऑईल बदललेल्या इंजिनाला त्याची गरजच नसते. माझ्यासाठी मुद्दा असा आहे की आत नेमकं काय अन् किती गेलं ते मला माहीत असतंय, अन् जुनं ऑईल डोळ्यानं बघायला मिळतंय. गॅरेजवाला तुम्हाला काऊंटरवर चहा पाजतो अन् गाडी आत जाते, फिल्टर खरंच नवा बसला का फडक्यानं पुसून तोच, हे कुणाला दिसतंय. सगळेच तसे असतेत असं नाही म्हणत.
वॉरंटीत असलेल्यांनी मात्र हे करू नये. पुढं इंजिनाचं काही निघालं तर सर्व्हिस रेकॉर्ड मागतेत, अन् सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसला तशी पण मजुरी लागत नाही.

जुना_मिस्त्री
आता रॅम्पवर गाडी गेली असं धरून सांगतो.

सेंटरपर्यंत गाडी चालवत जाल तेवढ्यात इंजिन कोमट झालेलं असेल, ते चांगलं, ऑईल पातळ होतं अन् तळाची घाण सोबत घेऊन येतं. पण लांबून हायवेनं आला असाल तर अर्धा तास थांबा, कढत ऑईल कोपरापर्यंत ओघळतं अन् लवकर पुसलं जात नाही. हातमोजे घाला, जळकं ऑईल कातडीला वाईट. वर बॉनेट उघडून ऑईल भरायचं झाकण अन् डिपस्टिक, म्हणजे लेवल बघायची पट्टी, ढिली करून ठेवा, हवा आत गेली की खाली धार नीट पडते.

खाली गेल्यावर पहिली गोष्ट, बोल्ट ओळखा. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखाली ऑईल साठतं त्या भांड्याचा, बोल्ट वेगळा अन् गिअरबॉक्सचा वेगळा, दोन्ही खालीच असतात, शेजारी शेजारी वाटतात. माझ्याकडं कितीतरी जण गिअरबॉक्सचं ऑईल काढून, इंजिनात वरून अजून तीन लिटर ओतून आलेत. म्हणजे गिअरबॉक्स कोरडा अन् इंजिन गळ्यापर्यंत. इंजिनाचं ऑईल काळपट असतं, गिअरचं तसं नसतं अन् त्याचा वास उग्र. शंका आली तर खोलू नका, मॅन्युअलातलं चित्र बघा. मारुतीला बहुतेक १७ चा पाना लागतो, तुम्ही आधी बसवून बघा. उघड्या तोंडाच्या फिक्स पान्यानं खोलू नका, डोकं गोल होतं. रिंग पाना नाहीतर गोटी (सॉकेट). काही गाड्यांना खाली प्लास्टिकचं कव्हर असतं, ते आधी काढावं लागतं, अन् आपल्याकडं पावसाळ्यानंतर त्याच्यावर काळ्या मातीचा थर बसलेला असतो, तो पण डोक्यावर पडणार, टोपी घाला.

बोल्ट हातानं शेवटच्या आट्यापर्यंत आणा, मग वरच्या बाजूला दाबून धरून फिरवत झटकन बाजूला घ्या. धार सरळ खाली पडत नाही, आधी चांगली वीतभर लांब जाते, मग जोर कमी होत होत बोल्टाच्या खाली येते, तसा टब सरकवावा लागतो. शेवटी सुतासारखी बारीक होते अन् वारा असला की हलायला लागते, तेव्हा फरशीवर नक्षी होते. घाई करू नका, थेंब थेंब यायला लागेपर्यंत थांबा. तेवढ्यात बोल्ट पुसा, त्याच्या टोकाला बारीक राखाडी चिखल असेल तर ठीक, चमकणारे तुकडे असतील तर ओळखीच्या मिस्त्रीला दाखवा. ऑईल दुधाळ, चहाच्या रंगाचं निघालं तर आत पाणी जायलंय, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, बघावं लागेल, नवीन ऑईल ओतू नका. नुसतं काळं असेल तर घाबरायचं नाही, काळं होणं हेच त्याचं काम, डिझेलचं तर बदलल्यावर थोड्या दिवसांतच काळं होतं.

बोल्टाचं वॉशर नवीन टाका, दहा-वीस रुपयांची गोष्ट. घट्ट करताना स्विफ्टला ३५ न्यूटन-मीटर आहे, म्हणजे साध्या पान्यानं एका हाताच्या मनगटाच्या जोरावर, वर पाय देऊन नाही. चेंबरचे आटे गेले की बोल्ट कायमचा गळतो अन् मग नवीन आटे पाडा नाहीतर चेंबर बदला. न्यूमॅटिक गननं ठोकून बसवलेले बोल्ट बघितलेत मी, पुढच्या वेळी काढताना आटे बोल्टासोबत बाहेर.

औशाचा_गडी
काका फिल्टर राहिला.

जुना_मिस्त्री
चहा प्यायला गेलो होतो.

फिल्टरचा पाना नसेल तर आधी हातानं बघा, खरखरीत पॉलिश पेपर गुंडाळून बहुतेक वेळा निघतो. निघताना त्याच्यातून पण वाटीभर ऑईल येतं, टब तिथं पाहिजे. जुना फिल्टर काढल्यावर त्याचं रबरी रिंग त्याच्यासोबतच आलंय का हे बघा. कधी ते इंजिनालाच चिकटून राहतं, तुम्ही त्याच्यावर नवा बसवता, दोन रबरं एकावर एक, अन् गाडी चालू केली की प्रेशरनं सगळं ऑईल बाहेर फेकलं जातं. बसायची जागा फडक्यानं पुसा, नव्याच्या रबराला बोट भिजवून नवीन ऑईल लावा, रबर टेकेपर्यंत हातानं फिरवा, तिथून पुढं पाऊण फेरा. पान्यानं आवळायचं नाही.

गोदाकाठची
अन् सगळ्यात मोठी गडबड नव्या ऑईलच्या डब्यात आहे. डबा साडेतीन लिटरचा येतो अन् स्विफ्टला फिल्टरसकट तीन-सव्वातीनच्या आसपास लागतं. डबा पूर्ण उलटा करायचा नाही! आधी अडीच-पावणेतीन नरसाळ्यानं टाका, झाकण लावा, इंजिन चालू करा. ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे, नवा फिल्टर भरायला तेवढा वेळ लागतो, नाही विझला तर लगेच बंद करा. एक-दोन मिनिटांनी बंद करून खाली बोल्ट अन् फिल्टर बघा गळतंय का. मग दहा मिनिटं थांबून, गाडी सपाट जागेवर असताना, पट्टी पुसून परत घालून लेवल बघा अन् थोडं थोडं करत वरच्या खुणेच्या जरा खाली आणा. रॅम्पवर किंवा उताराच्या अंगणात बघितलेली लेवल खोटी येते. उरलेलं ऑईल डिकीत ठेवा, कधी कमी झालं तर तेच टाकता येतं.

टेक_वाडी
किती किलोमीटरला बदलायचं पण? कुणी ५ म्हणतंय, कुणी १० हजार.

उदगीरकर
मॅन्युअलात १० हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पण त्याच मॅन्युअलात मागं एक वेगळा तक्ता असतो, धुळीच्या रस्त्यावर, कमी अंतराच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी, त्यात अंतर कमी केलेलं असतंय. तो कुणी वाचत नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत शेतरस्त्यानं गाडी नेणाऱ्याला तो तक्ता लागू. संभाजीनगर-नांदेड हायवेनं जो चालवतो त्याला १० हजार चालतंय. अन् गावातल्या गावात दूध, दवाखाना, शाळा एवढंच फिरणाऱ्याला किलोमीटर कमी दिसतेत पण त्याचं ऑईल लवकर खराब होतंय, इंजिन पूर्ण तापतच नाही, आतला ओलावा अन् पेट्रोल उडून जात नाही. वर्षाला तरी बदलाच. धुळीत एअर फिल्टर ऑईलच्याही आधी बघायचा.

बीडचा_बप्पा
हे सगळं झालं, पण जळकं ऑईल कुठं टाकायचं ते कुणीच सांगंना. आमच्याकडं तर मागणी हाय त्याला. वाळवी लागलेल्या मेढीला, दाराच्या चौकटीला लावतेत, स्लॅबच्या सेंट्रिंगवाले प्लेटा पुसायला मागून नेतेत, काहीजण बैलाच्या गोचिडाला पण.

गोदाकाठची
गोचिडाला नका लावू हो, जनावर चाटतं ते, अन् कातडी पोळते. डॉक्टर साधं औषध देतात त्याला.

वाळूज_शिफ्ट
नाल्यात, बांधावर, उकिरड्यात ओतायचं नाही एवढं तरी सगळ्यांनी मान्य करा. एका गाडीचं जळकं ऑईल दहा लाख गॅलन पाणी खराब करू शकतं असं अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते, अन् आपण कुठं राहतो बघा, २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या गावाचं सगळं बोअरवर आहे तिथं बोअरच्या शेजारी ऑईल ओतणारे लोक बघितलेत मी. २०१६ च्याच घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑईल येतंय.

बीडचा_बप्पा
मग सेंट्रिंगवाल्याला द्यायचं का नाही ते सांगा. उपदेश नको.

जुना_मिस्त्री
सेंट्रिंगवाला ते प्लेटांना लावतो, उरलेलं तिथंच मातीत जातं, पाऊस आला की खाली. त्याच्यापेक्षा गॅरेजवाल्याला द्या. बहुतेक मोठ्या गॅरेजला मागं ड्रम असतो, जळकं ऑईल विकत नेणारे ठरावीक दिवसांनी येतात. तुमच्या तीन लिटरला पैसे मिळणार नाहीत, फुकटात घेतील. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये द्या, पाण्याच्या बाटलीत नको, घरात कुणी लहान लेकरू बाटली तोंडाला लावतं. अन् त्यात कूलंट, ब्रेक ऑईल, रॉकेल काही मिसळू नका, मग कुणी घेत नाही. जुना फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या, मग तोही त्यांनाच द्या.

बीडचा_बप्पा
आमच्या चौकात हाय एकाकडं ड्रम. विचारतो.

औशाचा_गडी
रविवारी सकाळी जायचं ठरवलंय. वडील पण येतो म्हणालेत, ट्रॅक्टरच्या बकेटचा विषय अजून संपलेला नाही.

किनवटचा_पाहुणा
धागा वाचून डिपस्टिक बघितली. मागच्या महिन्यात एका गॅरेजमध्ये ऑईल बदललं, त्यानं आख्खा डबा ओतलेला दिसायलाय, लेवल वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे. चालू ठेवू का?

जुना_मिस्त्री
बोटभर जास्त म्हणजे चालवू नका. क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, ऑईलात घुसळत राहतो, फेस होतो, अन् फेसानं वंगण होत नाही, वरून सीलं गळायला लागतात. काढायला खाली जायची गरज नाही. मेडिकलमधून मोठी सिरिंज अन् सलाईनची नळी आणा, गाडी सपाट जागेवर, इंजिन कोमट, डिपस्टिकच्या भोकातून नळी आत सोडा अन् ओढत जा. इंजिन कोमटच असू द्या, फार गरम असेल तर नळी मऊ पडते. शंभर-दीडशे मिली काढलं की थांबा, पट्टी बघा, परत काढा.

किनवटचा_पाहुणा
नळी किती लांब घेऊ?

जुना_मिस्त्री
डिपस्टिक बाहेर काढून तिच्याबरोबर मोजा, वर हातभर जास्त ठेवा. अन् आत जाणाऱ्या टोकाला टोपण-बिपण, सुई काही राहू देऊ नका.